चंद्र पृथ्वीवर का पडत नाही? न्यूटनचं वीस वर्षं अडकलेलं गणित

आयझॅक न्यूटन म्हटलं की सफरचंद आठवतं. पण त्याचं खरं गणित अडकलं होतं ते चंद्रापाशी.

न्यूटनचा जन्म १६४२ चा, इंग्लंडमधल्या वूल्सथॉर्प गावातला. वडील त्याच्या जन्माआधीच वारले. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरं लग्न केलं आणि त्याला आजीकडे ठेवलं. पुढे आईची इच्छा होती की पोराने शेती बघावी, पण याचं लक्ष पुस्तकात. शेवटी १६६१ मध्ये तो केंब्रिजला शिकायला गेला.

१६६५ मध्ये प्लेगची साथ आली. विद्यापीठ बंद झालं, न्यूटन गावी परतला. त्याच काळात त्याला प्रश्न पडला, फळाला खाली खेचणारी ओढ चंद्रापर्यंतही पोचत असेल का?

पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्र साधारण ६० त्रिज्या लांब आहे. अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश होते, असं धरलं तर चंद्रापाशी ती ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पट कमी हवी. न्यूटनचं उत्तर मात्र ४००० पटींच्या वर गेलं. त्याने पृथ्वीचा आकारच कमी धरला होता. कागद बाजूला पडले.

पुढे फ्रान्सच्या जाँ पिकारने पृथ्वीचं अचूक माप काढलं. १६८४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली ग्रहांच्या कक्षेचा प्रश्न घेऊन न्यूटनकडे आला आणि न्यूटन पुन्हा कामाला लागला.

या वेळी हिशेब जुळला. आजच्या मापात सांगायचं तर जमिनीजवळ वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र सेकंदभरात सरळ रेषेपासून सुमारे १.३६ मिलिमीटर पृथ्वीकडे झुकतो. ४.९ मीटरला ३६०० ने भागून बघा, तेच उत्तर येतं. म्हणजे चंद्र सतत पडतोच आहे, फक्त त्याचा पुढे जायचा वेग त्याला जमिनीवर येऊ देत नाही.

१६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' छापून आलं. छपाईचा खर्च हॅलीने केला.

आजही उपग्रहाचं गणित याच नियमाने होतं. १००० किलोच्या उपग्रहाला पृथ्वी जमिनीवर सुमारे ९८०० न्यूटन बलाने ओढते. तोच ६३७१ किलोमीटर उंच नेला की केंद्रापासूनचं अंतर दुप्पट होतं आणि बल उरतं २४५० न्यूटन.

१७२७ मध्ये न्यूटन गेला. बल मोजायच्या एककाला आज त्याचंच नाव आहे.