अळंबीतला पदार्थ ओळखणारे ब्राकोनो

शेतकरी बंधूंनो, पावसाळ्यात बांधावर, वारुळावर अळंबी उगवते. तिचं कालवण तुम्ही आवडीनं खाता. पण ही अळंबी बनते कशाची, असा प्रश्न कधी पडला का? फ्रान्समधल्या आन्री ब्राकोनो यांना तो पडला होता.

त्यांचा जन्म १७८० चा, लोरेन भागातल्या कोमर्सी गावचा. वडील लहानपणीच वारले. कोवळ्या वयात नान्सी शहरात औषधांच्या दुकानात उमेदवारी केली, मग लष्करी इस्पितळात काम आणि पुढे पॅरिसला शिक्षण. १८०७ मध्ये ते नान्सीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले.

त्या काळी अळंबीला सगळे वनस्पतीच समजत. ब्राकोनो यांनी तऱ्हेतऱ्हेच्या रानअळंब्या आणल्या, पाण्यात उकळल्या, मग सौम्य क्षारात गरम केल्या. विरघळायचं ते विरघळलं आणि मागे मऊ, पांढरट, बेचव चोथा राहिला. हा लाकडाचाच तंतू म्हणावा, तर बंद भांड्यात तापवल्यावर त्यातून अमोनिया निघाला. म्हणजे त्यात नत्र होतं! लाकडाच्या तंतूत ते नसतं. हा पदार्थच वेगळा, हे त्यांनी ओळखलं आणि १८११ मध्ये तो जगापुढे मांडला. नाव दिलं फंजिन. पुढे १८२३ साली ओदिए यांना किड्यांच्या कवचात असाच पदार्थ सापडला. त्यांनी दिलेलं कायटिन हेच नाव मग दोन्हींसाठी रूढ झालं.

याचा आपल्याशी काय संबंध, असं म्हणाल. हरभरा-तुरीच्या बियाण्याला तुम्ही ट्रायकोडर्मा चोळता ना? मर रोगाच्या बुरशीच्या पेशीभिंतीत हेच कायटिन असतं. ट्रायकोडर्मा ते विरघळवणारं विकर सोडतो आणि रोगाची बुरशी खिळखिळी करतो.

ब्राकोनो एवढ्यावर थांबले नाहीत. जाम-जेली घट्ट करणाऱ्या पेक्टिनवर त्यांनी १८२५ मध्ये काम केलं. १८५५ साली नान्सीतच त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट मात्र गाठीशी बांधा. कायटिन खाण्याच्या अळंबीतही असतं आणि विषारी अळंबीतही. दोन्ही शिजवल्यावर सारख्याच दिसतात, आणि काही विषं कितीही उकळलं तरी जात नाहीत. म्हणून जुन्याजाणत्यांना खात्रीनं ओळखता येईल तीच अळंबी घरात आणा. जरा जरी शंका आली, तर टाकून द्या.