प्रतिनिधित्वाचा न्याय आणि स्वामी रामानंद तीर्थ

नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांचे विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. त्यास स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्या संग्रामाच्या मुळाशी प्रतिनिधित्वाचा प्रश्न होता, याचे स्मरण क्वचितच होते.

व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म १९०३चा. १९३२ साली संन्यास घेऊनही हिप्परगा व अंबाजोगाई येथील शाळांतून त्यांनी अध्यापन केले. १९३८ साली उत्तरदायी शासनाची मागणी करणाऱ्या स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली आणि सत्याग्रही स्वामीजींना कारावास घडला.

निजाम सरकारने १९३९ साली सुधारणा जाहीर केल्या. विधिमंडळाच्या ८५ जागांपैकी केवळ ४२ निवडणुकीच्या. मतदारसंघ प्रदेशवार नव्हेत, तर जहागीरदार, व्यापारी, वकील, पदवीधर अशा हितसंबंधांवर आधारलेले. प्रजेत हिंदू सुमारे ८५ टक्के असता दोन्ही समाजांस निर्वाचित जागा समसमान. त्यातूनही मंत्रिमंडळ विधिमंडळास जबाबदार नव्हतेच. अल्पसंख्यांस संरक्षण असणे न्याय्यच होय. परंतु येथे समतोलाच्या नावाखाली सत्ता दरबारीच राहत होती. १९४६ साली बंदी उठल्यावर स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली स्टेट काँग्रेसने या निवडणुकांवर बहिष्कार टाकला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी ते पुन्हा गजाआड गेले.

प्रौढ मताधिकार आला आणि १९५२ साली गुलबर्ग्याहून, १९५७ साली औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून आले. तथापि न्यायाचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. १९५२ साली काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मतांवर ४८९पैकी ३६४ जागा मिळाल्या. स्वामीजी त्याच बाकांवर बसत होते. ही पद्धती ज्या ब्रिटनकडून घेतली, तेथे १९५१ साली मजूर पक्षास अधिक मते मिळूनही सत्ता हुजूर पक्षाकडे गेली. नांदेडचा लोकसभा मतदारसंघ त्या काळी द्विसदस्य होता. एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव असे. असे मतदारसंघ १९६१च्या कायद्याने संपले.

१९७२ साली स्वामीजी निवर्तले. लोकसंख्येशी विसंगत जागावाटप त्यांनी दरबाराकडून आले म्हणून नाकारले. मतांशी विसंगत जागावाटप मतपेटीतून आले, म्हणून ते आपोआप न्याय्य ठरत नाही. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकणाऱ्या पिढीने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा विचार गांभीर्याने करावा, हेच त्यांचे उचित स्मरण ठरेल.