बालाचडीचे बापू : जामसाहेब दिग्विजयसिंहजी

बडोद्याची आपली मंडळी द्वारकेला जाताना जामनगरला मुक्काम करतात. लाखोटा तलाव पाहतात, बांधणीची खरेदी करतात आणि पुढे निघतात. जामनगरपासून साधारण २५ किलोमीटरवर समुद्रकाठी बालाचडी नावाचे गाव आहे, तिकडे सहसा कोणी वळत नाही. बँकेच्या नोकरीत माझी दोन वर्षे जामनगरला गेली. तिथल्या एका जुन्या खातेदारांनी मला एका रविवारी बालाचडीला नेले आणि पोलंडच्या मुलांची हकीगत सांगितली. ज्या राजामुळे ती मुले जगली आणि शिकली, त्याचे चरित्र आपल्या वाचकांसमोर ठेवावे, असे तेव्हापासून मनात होते.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ चा. क्रिकेटमुळे जगभर नाव झालेले रणजितसिंहजी हे त्यांचे काका, आणि त्यांनीच पुतण्याला दत्तक घेतले. राजकोटचे राजकुमार कॉलेज, मग इंग्लंडमधील माल्व्हर्न कॉलेज असे शिक्षण झाल्यावर ते सैन्यात अधिकारी झाले. १९३३ मध्ये रणजितसिंहजी वारले आणि दिग्विजयसिंहजी नवानगरच्या गादीवर आले. नवानगरच्या राजाला जामसाहेब म्हणत. काकांइतके नसले तरी क्रिकेट त्यांच्याही अंगात होते. १९३७-३८ मध्ये ते क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्याच सुमारास नरेंद्र मंडळाचे, म्हणजे सर्व संस्थानिकांच्या परिषदेचे, चॅन्सेलरपदही त्यांच्याकडे आले.

इथपर्यंतचे आयुष्य त्या काळच्या कोणत्याही मोठ्या संस्थानिकाचे असावे तसेच आहे. वेगळे वळण १९४२ मध्ये लागले.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लाखो माणसे मालगाड्यांत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात पाठवली गेली. थंडी, उपासमार आणि रोगराईने तिथे असंख्य माणसे मेली. जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा या पोलिश लोकांची सुटका झाली. पण आईबाप गमावलेली मुले जाणार कुठे? त्यांतली काही अश्गाबातच्या अनाथालयात जमा झाली. जामसाहेबांनी आपल्या संस्थानात त्यांना जागा देऊ केली. इराणमार्गे ट्रकमधून आणि पुढे रेल्वेने ती हिंदुस्थानात आली. काही महिने मुंबईत वांद्र्याला राहून जुलै १९४२ मध्ये बालाचडीला पोहोचली.

आपण अनाथ आहोत असे यापुढे समजू नये, आपण सर्व नवानगरवासीयांचे बापू आहोत तसेच तुमचेही, असे जामसाहेबांनी त्यांना सांगितले. मुले त्यांना शेवटपर्यंत बापूच म्हणत राहिली. पालकाची भाजी आवडत नाही म्हणून मुलांनी संप केला, तेव्हा पालक बंद करण्याचा हुकूम बापूंनीच दिल्याची आठवण त्यांतले काही जण म्हातारपणीही सांगत.

खर्चासाठी त्यांनी स्वतःचा पैसा घातला आणि इतर संस्थानिकांनाही साकडे घातले. बडोदा आणि पतियाळा या संस्थानांनी मदत केली, टाटांसारखे उद्योगपतीही पुढे आले. काळ सोपा नव्हता. १९४२ चे आंदोलन पेटलेले होते आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो लोक मेले. आपलीच माणसे उपाशी असताना परक्यांची मुले कशाला, असे म्हणणे त्या वेळी कोणालाही सोपे होते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिथली शाळा. मुलांना हिंदुस्थानी करून टाकण्याचा प्रयत्न जामसाहेबांनी केला नाही. छावणीचे प्रमुख फादर फ्रान्सिशेक प्लुता हे पोलिश, शिक्षक पोलिश आणि शाळेची भाषाही पोलिश. ग्रंथालय होते, बालवीर पथक होते, मुले आपल्या भाषेत नाटके बसवत आणि जामसाहेब ती पाहायला येत. ही मुले एक दिवस जगात परत जाणार आहेत आणि तेव्हा त्यांच्या हाती स्वतःची भाषा आणि पुढे शिकण्याची तयारी हवी, हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

१९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची आणखी मोठी छावणी होती. सुमारे ५००० माणसे तिथे राहत. तिथे प्राथमिक शाळांबरोबर माध्यमिक शाळा आणि त्यापुढचे वर्गही होते. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा उरलेली मुले वळिवड्याला गेली आणि त्यांचे शिक्षण चालू राहिले. पोलिश लोक निघून गेल्यावर त्याच जागेत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, तेच आजचे गांधीनगर.

युद्ध संपल्यावर मुलांना कम्युनिस्ट राजवटीच्या पोलंडमध्ये परत पाठवण्याचा आग्रह सुरू झाला. तेव्हा जामसाहेब, फादर प्लुता आणि ब्रिटिश अधिकारी कर्नल क्लार्क यांनी मुलांचे कायदेशीर पालकत्व घेतले. कोणी इंग्लंडला गेले, कोणी अमेरिकेला, कोणी पोलंडला.

पालकत्वाच्या या कागदाशी मी नेहमी अडखळतो. कर्जाच्या अर्जावर आम्ही ओळख, पत आणि जामीनदार पाहत असू. निर्वासिताकडे या तिन्हींपैकी काहीच नसते. माझ्या टेबलावर एकदा एका मुलीचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज आला होता. तिला अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला होता. कुटुंब शेजारच्या देशातून सर्व सोडून आलेले, कागदपत्रे अपुरी, जामीनदार नाही. मी अर्ज परत केला. नियमाने माझे काही चुकले नाही. पण एखाद्या ट्रस्टकडे तिच्यासाठी शब्द टाकता आला असता. तो मी टाकला नाही. ती पुढे शिकली की नाही, मला माहीत नाही. जामसाहेब शेकडो मुलांना जामीन राहिले, आणि मला एका मुलीसाठी एक फोन करणे सुचले नाही.

स्वातंत्र्यानंतर नवानगर भारतात विलीन झाले. १९४८ मध्ये जामसाहेब सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी भारताचे प्रतिनिधित्वही केले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

उपकाराची फेड म्हणून त्यांनी काही मागितले नाही, फक्त स्वतंत्र पोलंडमध्ये एखाद्या रस्त्याला आपले नाव द्यावे, एवढी इच्छा बोलून दाखवल्याचे सांगतात. आज वॉर्सामध्ये भल्या महाराजांचा चौक आहे. पोलंडने त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातही पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे. मला यांहून मोलाची वाटते ती वॉर्सातील बेदनार्स्का ही शाळा. तिने जामसाहेबांचे नाव घेतले आहे, आणि युद्धामुळे देश सोडावा लागलेल्या इतर देशांच्या मुलांनाही ती आपल्या वर्गांत जागा देते.

बालाचडीला आता त्याच जागी सैनिक शाळा आहे. मुलांचा कवायतीचा आवाज समुद्रापर्यंत जातो. पुढच्या वेळी द्वारकेला निघालात तर अर्धा दिवस काढून तिकडे जरूर वळा.