आयर्लंडने ज्याला डोक्यावर घेतलं, तो नट आयरिश नव्हताच

'हॅरी पॉटर' पाहिलेल्या प्रत्येकाला डंबलडोर माहिती असतो. तिसऱ्या भागापासून ही भूमिका करणारे मायकल गॅम्बन मूळचे डब्लिनचे. त्यांनी करिअरची सुरुवात कशी केली माहितीये? एक खोटा बायोडेटा पाठवून. कधीही न केलेल्या भूमिकांची यादी त्यांनी डब्लिनच्या गेट थिएटरला धाडली आणि १९६२ साली 'ऑथेल्लो' नाटकात त्यांना एक बारकीशी भूमिका मिळाली.

गंमत म्हणजे याच थिएटरला याच पद्धतीने गंडवायचा प्रयत्न त्याआधी ३१ वर्षांपूर्वी आणखी एका पोराने केला होता. त्याचं नाव ऑर्सन वेल्स. होय, तोच 'सिटिझन केन'वाला.

या दोघांनाही ज्या माणसाने दारात उभं केलं, तो स्वतः या दोघांपेक्षा कितीतरी मोठी थाप आयुष्यभर मारत होता. त्याचं नाव मिहॉल मॅक लिआमोर. आयरिश रंगभूमीचा हा राजा पुढे पन्नाशीच्या उंबरठ्यावर एका अशा सिनेमात उतरला, ज्याला आज इंडिपेंडंट फिल्ममेकिंगचा धडा म्हणून पाहिलं जातं.

पण आधी थापेचं बघू.

मॅक लिआमोर सांगायचा की आपला जन्म आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातला. आत्मचरित्रात तेच, मुलाखतीत तेच. त्याची आयरिश भाषा अस्खलित होती, त्या भाषेत त्याने कथा लिहिल्या, नाटकं लिहिली. संशय घ्यायचं कुणाला काही कारणच नव्हतं.

प्रत्यक्षात त्याचा जन्म २५ ऑक्टोबर १८९९ चा, लंडनच्या केन्सल ग्रीन भागातला. खरं नाव आल्फ्रेड विल्मोर. घर इंग्रज. लहानपणापासून तो लंडनच्या रंगभूमीवर कामं करायचा आणि चांगलाच गाजलेला बालनट होता. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये तो ऑलिव्हर झाला होता. १९११ मध्ये एका बालनाट्यात त्याच्यासोबत नोएल कॉवर्ड नावाचा मुलगा होता, जो पुढे इंग्लंडचा मोठा नाटककार झाला.

किशोरवयात आल्फ्रेडला आयर्लंडचं वेड लागलं. लंडनमध्ये आयरिश भाषा शिकवणाऱ्या गेलिक लीगच्या वर्गांना तो जायला लागला. चित्रकलेसाठी स्लेड स्कूलमध्ये काही काळ काढला. १९१६ मध्ये डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला, त्याच्या पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि आयरिश राष्ट्रवादाने पेट घेतला. १९१७ मध्ये आल्फ्रेड आयर्लंडला निघून गेला. तिथे गेल्यावर त्याने नाव बदललं, जन्मगाव बदललं, आडनावाचंही आयरिश रूप करून टाकलं. लंडनचा आल्फ्रेड तिथेच संपला.

आता तुम्ही म्हणाल, पोट भरायला लोक नावं बदलतातच, त्यात काय एवढं. पण काळ बघा. इंग्रज राज्यकर्त्यांशी लढणाऱ्या देशात एक इंग्रज पोरगा त्या देशाची जवळजवळ विसरली गेलेली भाषा शिकतो आणि तिच्यात लिहायला लागतो. फसवणूक म्हणायची तर त्यात त्याचा फायदा फारसा नव्हता. लंडनमध्ये राहिला असता तर कदाचित जास्त पैसे कमावले असते.

१९२७ साली तो एका फिरत्या शेक्सपिअर नाटक कंपनीत काम करत होता. कंपनीचा मालक अॅन्यू मॅकमास्टर हा त्याच्या बहिणीचा नवरा. तिथे त्याची गाठ हिल्टन एडवर्ड्सशी पडली. एडवर्ड्सही इंग्रजच, पण त्याने ते कधी लपवलं नाही. दोघांचं प्रेम जमलं ते कायमचं.

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, या जोडीने एका दमात दोन नाट्यगृहं उभी केली. ऑगस्टमध्ये गॉलवे शहरात आयरिश भाषेतलं 'अन तायव्हर्क' सुरू झालं. पहिलं नाटक मॅक लिआमोरनेच लिहिलेलं, दिर्मुइड आणि ग्रानिया या आयरिश दंतकथेतल्या प्रेमी जोडप्यावरचं. ऑक्टोबरमध्ये डब्लिनमध्ये गेट थिएटरची सुरुवात झाली. स्वतःची जागा नव्हती म्हणून अॅबी थिएटरचं पीकॉक नावाचं छोटं सभागृह भाड्याने घेतलं. खुर्च्या किती? १०२. आणि नाटक कोणतं निवडलं? इब्सेनचं अवाढव्य 'पीअर गिंट'.

त्याच वर्षी त्यांनी ऑस्कर वाइल्डचं 'सलोमी' केलं. लंडनमध्ये या नाटकाच्या जाहीर प्रयोगाला सेन्सॉरची परवानगी नव्हती, डब्लिनमध्ये तशी आडकाठी नव्हती. अॅबी थिएटर म्हणजे आयरिश खेडं, शेतकरी, घरातलं भांडण असं समीकरण झालं होतं. गेटने युरोपातलं नवं नाटक, प्रकाशयोजना आणि नेपथ्याचे प्रयोग आयर्लंडमध्ये आणले. एडवर्ड्स दिग्दर्शन आणि लाइट्स सांभाळायचा. मॅक लिआमोर नायक, लेखक, नेपथ्यकार, वेशभूषाकार, गरज पडली तर हातात ब्रश घेऊन पडदे रंगवणाराही तोच.

१९३० मध्ये गेट स्वतःच्या जागेत, पार्नेल स्क्वेअरजवळच्या रोटुंडा इमारतीत गेलं. पण पैशांची बोंब कायम होती. लॉर्ड लाँगफर्ड नावाच्या श्रीमंत नाट्यवेड्याने पदरचे पैसे घालून थिएटर वाचवलं. नंतर त्याचं आणि या जोडीचं बिनसलं, तेव्हा १९३६ पासून वर्षातले सहा महिने एकाने आणि सहा महिने दुसऱ्याने नाट्यगृह वापरायचं अशी वाटणी झाली. भाऊबंदकीत घराची होते तशी.

याच सगळ्या गडबडीत १९३१ मध्ये १६ वर्षांचा ऑर्सन वेल्स आला. आईवडील वारलेले, वडिलांच्या पैशांतून आयर्लंडला आलेला, गाढवगाडी घेऊन खेडोपाडी चित्रं काढत फिरलेला. पैसे संपत आल्यावर त्याने गेटच्या दारात जाऊन आपण न्यूयॉर्कचे नामांकित नट असल्याचं सांगून टाकलं. एडवर्ड्स आणि मॅक लिआमोर यांना हे काही पटलं नाही. पण पोराचा आवाज आणि उंची बघून त्यांनी 'ज्यू झ्युस' नाटकात त्याला थेट एका ड्यूकची भूमिका दिली. डब्लिनने त्याला उचलून धरलं.

थाप ओळखूनही काम देणं मॅक लिआमोरला सहज जमलं असणार. कारण उघड आहे.

१९३४ मध्ये वेल्सने अमेरिकेत आपल्या जुन्या शाळेच्या गावी, इलिनॉयमधल्या वुडस्टॉकला, उन्हाळी नाट्यमहोत्सव भरवला आणि या दोघांना बोलावलं. मॅक लिआमोर तिथे हॅम्लेट झाला. नंतर वाटा वेगळ्या झाल्या. वेल्सने १९४१ मध्ये 'सिटिझन केन' काढला, हॉलिवूडशी वैर घेतलं आणि चाळिशीच्या दशकाच्या शेवटी युरोप गाठला.

जानेवारी १९४९. मॅक लिआमोर आजारपणातून उठलेला, मन खचलेलं. अशात वेल्सचा निरोप आला की 'ऑथेल्लो'वर सिनेमा करतोय, इयागो तू कर.

हे नाटक आपल्याला नवं नाही. देवलांनी ते 'झुंझारराव' म्हणून मराठीत आणलं आणि विशाल भारद्वाजच्या 'ओमकारा'मध्ये सैफ अली खानने केलेला लंगडा त्यागी म्हणजेच इयागो. मित्राच्या कानात संशयाचं विष ओतणारा माणूस. शेक्सपिअरच्या मजकुरात इयागो २८ वर्षांचा आहे. मॅक लिआमोर होता ४९ चा. ऑथेल्लो झालेला वेल्स त्याच्याहून जवळपास १६ वर्षांनी लहान. तरुणपणी एका मूकपटात काम केलं होतं तेवढंच, बाकी कॅमेऱ्याशी त्याचा संबंध नव्हता. आयुष्यभर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणाऱ्या नटाला आता डोळ्यांच्या पापण्यांतून अभिनय करायचा होता.

मोरोक्कोतल्या मोगादोर या समुद्रकाठच्या गावात, ज्याला आज एसाउइरा म्हणतात, युनिट पोहोचलं. आणि कळलं की पैसे लावणाऱ्या इटालियन कंपनीचं दिवाळं निघालंय. कपडेही आलेले नाहीत.

दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून घरी गेला असता. वेल्सने रॉडरिगोच्या खुनाचा सीन हमामखान्यात घ्यायचं ठरवलं. का? तर तिथे नट टॉवेल गुंडाळून वावरू शकतात. कपड्यांचा प्रश्नच मिटला. हमाम म्हणून गावातला मासळीबाजार वापरला. आज फिल्म स्कूलमध्ये या प्रसंगाचं कौतुक होतं, पण त्याचा जन्म शिंप्याने वेळेत कपडे न दिल्यामुळे झालाय.

पैसे संपले की वेल्स शूटिंग थांबवायचा, दुसऱ्या कुणाच्या तरी सिनेमात भूमिका करायचा, मिळालेलं मानधन घेऊन परत यायचा. तोवर बाकीचे नट वाट बघत बसलेले. 'द ब्लॅक रोझ' नावाच्या बिग बजेट सिनेमात काम करताना त्याने आपल्या कोटाला आतून महागडी फर लावून घेतली. पडद्यावर आतली फर दिसणार नव्हती, तरीही. मग तोच कोट 'ऑथेल्लो'मध्ये उलगडून दिसला.

डेस्डिमोना तर बदलतच राहिली. लेआ पादोवानी, सेसिल ऑब्री, बेट्सी ब्लेअर अशा नट्या आल्या आणि गेल्या, अखेर सुझान क्लूटिए टिकली. एकच प्रसंग दोन देशांत शूट व्हायचा. इयागो इटलीतल्या टॉर्चेलोच्या चर्चमधून बाहेर पाऊल टाकतो आणि ते पाऊल पडतं मोरोक्कोतल्या पोर्तुगीज हौदात. मधे कित्येक महिने गेलेले असतात. नटाचं वजन, केस, मूड सगळं बदललेलं असतं, पण प्रेक्षकाला कळता कामा नये.

मॅक लिआमोरने या काळात रोजनिशी ठेवली. ती १९५२ मध्ये 'पुट मनी इन दाय पर्स' या नावाने पुस्तक म्हणून आली. इयागोच्याच एका संवादातलं हे नाव. पाकिटात पैसे टाक, एवढाच त्याचा अर्थ. बिनपैशाच्या सिनेमावरच्या पुस्तकाला यापेक्षा नेमकं नाव मिळणं कठीण. सिनेमा कसा बनतो यावरच्या सगळ्यात मजेदार पुस्तकांमध्ये ते आजही धरलं जातं.

१९५२ च्या कान महोत्सवात 'ऑथेल्लो' मोरोक्कोचा सिनेमा म्हणून दाखल झाला आणि महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला एका इटालियन सिनेमासोबत विभागून मिळाला. सुरुवातीलाच गळ्यात दोर बांधलेला इयागो लोखंडी पिंजऱ्यात कोंबला जातो आणि तो पिंजरा किल्ल्याच्या भिंतीवर लटकवला जातो. खाली अंत्ययात्रा चाललेली, वरून तो बघतोय. चेहऱ्यावर ना पश्चात्ताप, ना राग. रंगभूमीवर भरजरी अभिनयासाठी ओळखला जाणारा हा नट इथे जवळजवळ काहीच करत नाही, आणि म्हणूनच भीती वाटते.

एवढं होऊनही तो सिनेमाचा झाला नाही. 'ऑथेल्लो' रखडला असताना एडवर्ड्सने आयर्लंडमध्ये 'रिटर्न टू ग्लेनॅस्कॉल' ही छोटीशी भूतकथा चित्रित केली, गेटच्या बॅनरखाली. वेल्स त्यात वेल्स म्हणूनच दिसला आणि या लघुपटाला ऑस्कर नामांकन मिळालं. १९६३ च्या 'टॉम जोन्स'मध्ये निवेदकाचा खट्याळ आवाज मॅक लिआमोरचा आहे. वुडफॉल या छोट्या ब्रिटिश कंपनीच्या त्या सिनेमाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नेलं. पुढे एकदोन हॉलिवूडपटही त्याने केले, ते नसते केले तरी चाललं असतं.

त्याला जगभर नेलं ते एका एकपात्री प्रयोगाने. १९६० चा 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग ऑस्कर'. ऑस्कर वाइल्डचं आयुष्य आणि लेखन एकट्याने रंगमंचावर उभं करायचं. दिग्दर्शक अर्थात एडवर्ड्स. वाइल्डला १८९५ मध्ये समलैंगिक संबंधांसाठी दोन वर्षं सक्तमजुरी झाली होती. ज्या कायद्याखाली झाली, तो मॅक लिआमोर डब्लिनमध्ये प्रयोग करत होता तेव्हाही आयर्लंडमध्ये लागू होता. आपल्याकडचं कलम ३७७ याच ब्रिटिश काळातलं, त्याच मुशीतलं.

कडक कॅथलिक वळणाच्या त्या देशात ही जोडी हार्कोर्ट टेरेसमधल्या एका घरात उघडपणे एकत्र राहत होती. मॅक लिआमोर दिवसाढवळ्या चेहऱ्याला मेकअप आणि डोक्यावर काळाभोर टोप घालून डब्लिनच्या रस्त्यांवर फिरायचा. सगळ्यांना सगळं माहिती होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं. १९७३ मध्ये डब्लिन शहराने दोघांना मानद नागरिकत्व दिलं. म्हणजे त्याचं खरं गुपित प्रेमाचं नव्हतंच. ते जन्मदाखल्याचं होतं.

शेवटच्या काही वर्षांत त्याची नजर जवळजवळ गेली होती, तरी १९७५ पर्यंत तो वाइल्डचा प्रयोग करत राहिला. ६ मार्च १९७८ ला तो गेला. अंत्यविधीला आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष पॅट्रिक हिलरी आले होते. त्यांनी एडवर्ड्सचं सांत्वन केलं, जसं एखाद्याच्या जोडीदाराचं करतात तसं. १९८२ मध्ये एडवर्ड्सही गेला आणि सटनच्या सेंट फिंटन स्मशानभूमीत त्याला मॅक लिआमोरशेजारीच जागा मिळाली.

१९९० मध्ये मिहॉल ओ हे या लेखकाने त्याचं चरित्र लिहिलं आणि केन्सल ग्रीनचा आल्फ्रेड विल्मोर लोकांसमोर आला. आयर्लंडने थोडं आश्चर्य व्यक्त केलं, थोडं हसून घेतलं, पण त्याला परत इंग्लंडला काही पाठवलं नाही. १९९२ मध्ये 'ऑथेल्लो'ची दुरुस्त केलेली प्रिंट पुन्हा थिएटरमध्ये लागली. वाइल्डला तुरुंगात धाडणारा तो कायदा आयर्लंडने त्याच्या पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, रद्द केला.