मूठभर धान्याचे अर्थशास्त्र

राज्य शासनाने २०२३ साली दत्तक शाळा योजना जाहीर केली. उद्योगसमूहांनी आणि दानशूर व्यक्तींनी सरकारी शाळांना साहाय्य करावे व त्याबदली ठराविक मुदतीपुरते शाळेस त्यांच्या पसंतीचे नाव द्यावे, असे तिचे स्वरूप होते. त्याच सुमारास कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचारही पुढे आला. या दोन्ही प्रस्तावांत शाळेभोवतीच्या गावाला करावयास फारसे काही उरत नाही. देणारा दूरचा, ठरविणारा त्याहून दूरचा. अशा वेळी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्राकडे पुन्हा वळावयास हवे. पुतळ्यांना हार घालण्याच्या प्रथेमुळे त्यांच्या कार्यातील हिशेबी बाजू आपल्या नजरेआड झाली आहे.

भाऊरावांचे वडील महसूल खात्यात कारकून होते. बदलीची नोकरी, बेताची प्राप्ती आणि मुलाच्या शिक्षणाची चिंता, हे चित्र कारकुनाच्या घरात आजही अनोळखी वाटू नये. १९०२ च्या सुमारास भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले व जैन बोर्डिंगात राहू लागले. त्या काळी राजर्षी शाहू महाराज करवीरात वसतिगृहांची मालिका उभी करीत होते. दरबाराने जागा व साहाय्य द्यावे आणि त्या त्या समाजाने वसतिगृह चालवावे, अशी ती रीत होती. खेड्यातील मुलाला फीपेक्षाही शहरातील दोन वेळचे जेवण आणि निवारा अधिक अडवतात, हे महाराजांनी ओळखले होते. मात्र यातील बहुतेक वसतिगृहे एकेका समाजाची होती, आणि भाऊरावांची पहिली टक्कर नेमकी याच भिंतीशी झाली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले, परतल्यावर स्नान करण्याचे त्यांनी नाकारले आणि बोर्डिंगातील जागा गमावली. पुढे त्यांना महाराजांचाच आश्रय मिळाला.

अभ्यासात मात्र त्यांची गती बेताचीच होती. मॅट्रिकचा उंबरठा त्यांना ओलांडता आला नाही. १९१४ मधील कोल्हापूरच्या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आले. ती खोटी साक्ष न देता त्यांनी तुरुंगवास पत्करला.

त्यानंतरचा फिरतीचा काळ चरित्रकार बहुधा घाईने ओलांडतात, परंतु तो महत्त्वाचा आहे. साताऱ्यात शिकवण्या करून पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागलेले भाऊराव पुढे ओगल्यांच्या काचमालाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या घरातील हिशेब कळतो. तेथे वर्षातून एखाद्या वेळीच रोकड दिसते. एरवी कणगीत थोडेफार धान्य असते आणि घरात राबणारे हात असतात. शिक्षण रोख पैशांत विकले तर हे घर त्याचे गिऱ्हाईक कधीच होणार नाही. दुधगाव येथे १९१० मध्ये मित्रांसह केलेला शिक्षण मंडळाचा प्रयोग त्यांच्या गाठीशी होताच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये ती साताऱ्यास हलविली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

ही मुले पोसावयाची कशी? मुष्टिफंड हे त्याचे एक उत्तर होते. घरच्या बाईने धान्यातून एक मूठ बाजूला काढून ठेवावी व ते साठलेले धान्य वसतिगृहास द्यावे, इतकी ही साधी योजना. अर्थशास्त्राच्या भाषेत हा वस्तुरूपाने दिलेला, ऐच्छिक आणि अत्यंत अल्प दराचा कर होय. त्याची वसुली कोणत्याही कचेरीतून होत नव्हती, आणि ज्या घरात कधी चलनी नोट शिल्लक पडत नसे तेही तो देऊ शकत होते. शिवाय देणगीदार वर्षातून एकदा देतो व विसरतो. मूठ काढणारीला शाळेची आठवण रोज होते. ज्या शाळेत आपले धान्य शिजते ती शाळा परकी कशी वाटणार?

दुसरे उत्तर म्हणजे श्रम. मुले पाणी भरीत, स्वयंपाक करीत, खडकाळ जमीन फोडून ती पिकवीत. १९४० मध्ये साताऱ्यात निघालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ मधील छत्रपती शिवाजी कॉलेज यांतही कमवा व शिका हे सूत्र कायम राहिले. श्रीमंताचा मुलगा पैशाने शिकतो तर गरिबाच्या मुलाने घामाने का शिकावे, हा आक्षेप वजनदार आहे व तो झटकून टाकता येत नाही. पण त्या काळी पर्याय फुकट शिक्षणाचा नव्हता. गुरे राखण्याचा होता.

गावाला परत काय मिळाले, हे पाहिल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. १९३५ मध्ये संस्थेने शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय काढले. पुढे शाळा नसलेल्या खेड्यांत स्वयंसेवी प्राथमिक शाळा उघडल्या. त्यांची संख्या पाचशेवर गेली. एखादे देऊळ, एखादी चावडी गावाने द्यावी आणि शिक्षक संस्थेने द्यावा, अशी ही विभागणी होती. खेड्याने ज्याला पोसले, तो मुलगा मास्तर होऊन खेड्याकडे परतू लागला.

या ताळेबंदात एक रक्कम मात्र क्वचितच नीट मांडली जाते. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. त्यागाची गोष्ट म्हणून हे सांगितले जाते व श्रोते हळहळतात. परंतु लोकवर्गणी अपुरी पडली तेव्हा तूट एका स्त्रीने भरून काढली, हाही त्याचा सरळ अर्थ आहे. लोकाश्रयाची थोरवी गाताना त्याचे हे अपुरेपण झाकणे योग्य नव्हे.

शासनाचे साहाय्य भाऊरावांनी कधी त्याज्य मानले नाही; पण त्यासाठी जीभ गहाण ठेवली नाही. १९४८ मध्ये त्यांच्या टीकेने रुष्ट झालेल्या मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. एव्हाना पसारा मोठा झाला होता, शिक्षकांचे पगार अडले होते. सर्वस्वी अनुदानावर जगणारी संस्था अशा वेळी वर्षभरात कोलमडली असती. रयत कोलमडली नाही, कारण तिच्या पाठीशी गावे होती. अखेर गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री खेर यांच्याकडे शब्द टाकला व अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कऱ्हाडला संस्थेचे महाविद्यालय निघाले, त्यास भाऊरावांनी गाडगे महाराजांचेच नाव दिले. पुणे विद्यापीठाने १९५९ साली या मॅट्रिक न झालेल्या माणसास डी.लिट. दिली. त्यानंतर महिनाभरातच, ९ मे रोजी, त्यांचे निधन झाले.