नागपूर वसवणारा गोंड राजा : बख्त बुलंद शाह



आपल्या वर्धा जिल्ह्यातली पोरं दवाखान्याला, लग्नाला, खरेदीला नागपूरला जातात. पण नागपूर कोणी वसवलं, असं वर्गात विचारलं की बहुतेक जण भोसल्यांचं नाव घेतात. खरं उत्तर आहे देवगडचे गोंड राजा बख्त बुलंद शाह.

देवगडचा डोंगरी किल्ला सातपुड्यात, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. चहूकडे दाट जंगल, पण शेजार मोठा अवघड. वऱ्हाडात मोगलांचा सुभा होता. खंडणी थकली की मोगल फौज देवगडवर चालून यायची. १६६७ मध्ये दिलेरखान असाच आला होता.

पुढे देवगडच्या गादीवरून घरातच भांडण लागलं. तेव्हा हा राजपुत्र मदत मागायला औरंगजेबाकडे गेला. १६८६ च्या सुमारास त्यांनी इस्लाम स्वीकारला, ‘बख्त बुलंद’ म्हणजे थोर नशिबाचा हा किताब मिळवला आणि गादीही मिळवली.

पण ते मोगलांचे अंकित होऊन राहिले नाहीत. औरंगजेब दक्षिणेत मराठ्यांशी लढण्यात गुंतला होता. ही संधी साधून बख्त बुलंद उलटले. त्यांनी मराठ्यांशी हातमिळवणी केली आणि वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरचा मोगली मुलूख लुटला. चिडलेल्या बादशहाने त्यांचं नावच उलटं केलं, ‘निगूं बख्त’, म्हणजे उलट्या नशिबाचा!

राजा नुसता लढवय्या नव्हता. त्यांनी बाहेरून कष्टाळू शेतकरी, कारागीर, व्यापारी आणून वसवले. गावं वाढली, शेती वाढली. १७०२ मध्ये सीताबर्डी, सक्करदरा, हिवरी, फुटाळा अशा बारा वाड्या जोडून त्यांनी नागपूर शहराचा पाया घातला. मुलगा चांद सुलतान याने राजधानी नागपूरला आणली आणि जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा गांधीसागर.

१७३९ च्या सुमारास चांद सुलतान वारले आणि घरात पुन्हा गादीचं भांडण पेटलं. मदतीला रघूजी भोसले आले आणि हळूहळू सत्ता त्यांच्याच हाती गेली. म्हणजे मोगलांपुढे टिकलेलं राज्य घरच्या भांडणात गेलं.

हा धडा शिकवताना मला एक अडचण येते. राजा शूर की संधिसाधू, असं मुलं लगेच विचारतात. मी उत्तर सांगत नाही. दोन बलाढ्य सत्तांच्या मधे तुमचं छोटं राज्य असतं, तर तुम्ही काय केलं असतं, असं उलट विचारते. एकदा एका मुलीने लुटल्या गेलेल्या गावांचं काय, असं विचारलं. त्या दिवशी वर्ग गप्प झाला. मला वाटतं, इतिहास तिथूनच सुरू होतो.

पुढच्या वेळी नागपूरला गेलात की लेकरांना गांधीसागर जरूर दाखवा आणि ही गोष्ट सांगा.