दोन शब्दांचे सामर्थ्य : युसूफ मेहेरअली



एखाद्या समाजाविषयी चारचौघांत जे मत तयार होते ते कोण तयार करतो? वर्तमानपत्रे, रेडिओ, दूरदर्शन आणि आता हातातला मोबाईल, असे आपण चटकन सांगतो. ते खरेही आहे. पण ते अर्धेच उत्तर आहे. उरलेला अर्धा भाग समजून घ्यायचा असेल, तर आपल्याच मुंबईतील एका तरुणाचे चरित्र पाहा.

युसूफ मेहेरअली यांचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत एका सुखवस्तू खोजा व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. वकिली करून ऐषारामात राहणे त्यांना सहज शक्य होते. पण मन देशकार्याकडे ओढ घेत होते आणि १९२८ साली त्यांनी बॉम्बे यूथ लीग ही तरुणांची संघटना उभारली.

त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानचे भवितव्य ठरविण्यासाठी सायमन कमिशन पाठविले. सात सभासदांत एकही हिंदी माणूस नव्हता. ३ फेब्रुवारीला कमिशन मुंबईच्या बंदरात उतरणार होते. होड्यांतून समुद्रातच निदर्शने करण्याचा बेत पोलिसांना कळला, तेव्हा मेहेरअली आणि त्यांचे साथी हमालांच्या वेषात धक्क्यावर पोहोचले. काळे झेंडे फडकले, लाठ्या बसल्या. परंतु सायमन परत जा ही त्यांची घोषणा कोणाला थांबविता आली नाही. मुंबईत उठलेला तो आवाज वर्तमानपत्रांतून आणि लोकांच्या तोंडून गावोगावी गेला. ज्या लाहोरात लाला लजपतराय जखमी झाले, तेथेही त्याच वर्षी कमिशनचे स्वागत काळ्या झेंड्यांनीच झाले. मेहेरअलींना याची किंमत मोजावी लागली. त्यांना वकिलीची सनद नाकारण्यात आली.

१९३४ साली जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी काँग्रेस समाजवादी पक्षाची स्थापना केली. १९३८ साली जागतिक युवक परिषदेसाठी ते अमेरिकेत गेले. तेथे चालू घडामोडींवरची पुस्तके सामान्य माणसाच्या हाती दिसत. आपल्याकडे असे वाङ्मय नाही, याची खंत घेऊन ते परतले. पण नुसती खंत करीत बसले नाहीत. मुंबईच्या पद्मा प्रकाशनाला गळ घालून त्यांनी चालू प्रश्नांवरील पुस्तकांची माला सुरू करविली. वाचकहो, येथे थोडे थांबा. आपले म्हणणे आपण छापले नाही, तर आपल्याविषयी दुसरे जे छापतील तेच जग वाचणार, हे या माणसाने पाऊणशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

१९४२ साली ते तुरुंगात असतानाच मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले आणि ते निवडून आले. ब्रिटिश सरकार त्या काळी जगाला सांगत होते की, मुसलमान स्वातंत्र्याच्या लढ्यात नाहीत. मेहेरअलींनी त्यावर वाद घातला नाही. ऑगस्टच्या आंदोलनासाठी गांधीजी नेमक्या घोषणेच्या शोधात होते. क्विट इंडिया, म्हणजेच भारत छोडो, हे दोन शब्द मेहेरअलींनी सुचविले आणि गांधीजींनी ते उचलले. त्याच नावाची पुस्तिका व बिल्लेही त्यांनी काढले. ९ ऑगस्टला नेत्यांची धरपकड झाली, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. तरी ते शब्द लोकांच्या ओठांवर राहिले.

तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने इस्पितळात हलविण्याची तयारी दाखविली, तेव्हा आणखी दोन आजारी कैद्यांनाही तीच सोय द्यावी असा त्यांनी आग्रह धरला. तो मान्य झाला नाही, म्हणून तेही तुरुंगातच राहिले. १९४३ साली ते सुटले. पण प्रकृती खचली ती खचलीच. २ जुलै १९५० रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते अल्लाला प्यारे झाले.

आज एखादी खोटी बातमी क्षणात जगभर जाते. एकाने गुन्हा केला तर बोल साऱ्या समाजाला लागतो, आणि ते दुःख आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याची तक्रार जरूर करावी. परंतु आपणही स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. भारत छोडो ही घोषणा शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. ती देणाऱ्याचे नाव आपल्यापैकी किती घरांत घेतले जाते? आपली थोर माणसे आपणच विसरलो, तर ती जगाने लक्षात ठेवावीत अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? समाजाची प्रतिमा छापखान्यात घडते तशी ती घरातल्या गप्पांतही घडते. हेच ते उरलेले अर्धे उत्तर.

तेव्हा पालकहो, शहानिशा केल्यावाचून कोणताही मजकूर पुढे पाठवू नका आणि मुलांनाही तीच सवय लावा. विद्यार्थ्यांनो, मराठी उत्तम लिहायला शिका. आपल्या वस्तीची, आपल्या माणसांची खरी हकीकत शेजाऱ्याला कळेल अशा भाषेत लिहा. आणि एक दिवस सवड काढा. नावड्याहून पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागलात आणि कर्नाळ्याचा सुळका मागे पडला की तारा हे गाव लागते. त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली स्थापन केलेल्या युसूफ मेहेरअली सेंटरचे काम तेथे चालते. दवाखाना, शाळा, ग्रामोद्योग सारे पाहून या. आणि घरी आल्यावर त्या माणसाची गोष्ट निदान एका मित्राला सांगा.